सुरीचे कुलशील

जुनी वस्तू हाती आली की तिचे कुलशील विचारण्याचा मोह मनुष्यास आवरत नाही. नाशिकच्या जुन्या पेठांतील वाडे सोडून इंदिरानगरासारख्या नव्या वस्तीत राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या पेटीत गंजलेली सुरी निघाली, अशी कल्पना करू. घरात पहिला प्रश्न निघेल तो ‘ही कोणाची?’ हा, ‘ही कशासाठी?’ हा प्रश्न मागाहून निघेल, किंवा निघणारही नाही. पहिल्याचे उत्तर बहुधा तयारच असते: पूर्वज पेशव्यांच्या फौजेत होते, त्यांचीच ही! असे उत्तर देण्याचा आपणांस अधिकार कितपत आहे, याचा विचार करण्याजोगा आहे.

हे दोन प्रश्न एका जातीचे नव्हेत. हत्याराचा हेतू त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. पेशकब्जाची पाठ जाड आणि टोक निमुळते पण बळकट असते, ते चिलखताच्या कड्यांतून आत शिरावे म्हणून. कट्यारीची आडवी मूठ आवळली की हाताचा सारा जोर सरळ टोकात उतरतो. उलट, रोजच्या कामातील सुरीचे पाते पातळ असते, आणि वर्षानुवर्षे दगडावर घासून त्याची धार झिजलेली असते.

मूलस्थानाचा निर्णय याहून अवघड. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीचे पाते युरोपातून आलेले, तर मूठ दख्खनी कारागिराची. असल्या मोडक्या पात्यांच्या कट्यारीही होत. मग त्या कट्यारीचा गाव कोणता सांगावा? नावांतही हीच सरमिसळ आहे. ‘सुरी’ ही संस्कृत ‘क्षुरिके’ची लेक, तर ‘पेशकब्ज’ हा फारशीचा पाहुणा.

परंतु हत्यार कोणाच्या हाती होते, हे लोखंड सांगत नाही. त्याला माणसाची साक्ष लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखाचे उदाहरण घ्या. 1818 नंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्या वंशजाकडून ते आले. ते शिवाजी महाराजांचे असून पेशव्यांच्या प्रधानाने डफला दिले, असे त्याच्या पेटीवर लिहिलेले आहे. जुलै 2024 मध्ये ते साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ आले, तेव्हा दर्शनास लोक लोटले आणि वादही उठला. बोटांत अडकवून मुठीत लपवावयाची ही नखे कशासाठी, हे पाहताक्षणीच कळते; परंतु 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली ती हीच होती काय, याचा पडताळा करता आलेला नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, श्रद्धेने बिघडते काय? श्रद्धेने काही बिघडत नाही. बिघडते ते श्रद्धेला पुराव्याचा वेष चढविल्याने. सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा या दोहोंचा उल्लेख आहे. त्यांतील एकही वस्तू उरली नसती, तरी त्या दिवसाच्या धैर्यास तिळमात्र उणेपणा येता ना. पराक्रम वस्तूच्या आधाराने उभा नसतो. उलट वस्तूच पराक्रमाच्या आधाराने मोठी होऊ पाहते.

घरच्या सुरीच्या बाबतीत तर याहून मोठा अन्याय घडतो. तिला शिपायाची ठरविली की, जिने स्वयंपाकघरात किंवा ज्याने मळ्यात ती उभा जन्म वापरली, त्या खऱ्या पूर्वजाला आपण घरातून घालवून देतो आणि त्याच्या जागी एक कल्पित वीर बसवितो. पुढे त्या वीरास शोभावे म्हणून आपण पाते घासून लखलखीत करतो, आणि झिजेच्या ज्या खुणा खरी हकीकत सांगत होत्या, त्याही पुसून टाकतो. कुळाचा अभिमान असा कुळाच्याच मुळावर येतो.

आपल्या वडीलधाऱ्यांस हा भेद करण्याचे कारण पडले नव्हते. खंडेनवमीला तलवारीशेजारी विळी, कोयता आणि सुताराची हत्यारे मांडून सर्वांस सारखेच गंधफूल वाहिले जाई. ज्याने पोट भरले त्या लोखंडाचा मान, ज्याने राज्य राखले त्या लोखंडाहून कमी, असे त्यांनी मानले नाही. आपणही पेटीतील सुरीस तेवढा मान द्यावा: तिचे पाते जे सांगते ते ऐकावे, आणि जे ती सांगत नाही ते तिच्या तोंडी घालू नये.