उंबऱ्याच्या आतला परका

एखाद्याला एच. आय. व्ही.ची लागण झाल्याचे कळले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो "कशी झाली?" असा. "आता प्रकृती कशी आहे?" हे मागाहून विचारले जाते, पुष्कळदा विचारलेच जात नाही. तो पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचा विचार करताना मला नीतिशास्त्राइतकीच जीवशास्त्राची मदत झाली. त्यासाठी थोडे पेशीच्या आत शिरावे लागेल.

या विषाणूचा सारा ग्रंथ जेमतेम दहा हजार अक्षरांचा. माणसाचा तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा. शरीराच्या रक्षणाचे काम पाहणाऱ्या काही पांढऱ्या पेशींवर सी. डी. ४ नावाचे प्रथिन असते. विषाणू त्याला बिलगतो, शेजारच्या आणखी एका प्रथिनाचा आधार घेतो आणि पेशीत उतरतो. त्याचा ऐवज असतो एका निमुळत्या, शंकूसारख्या कवचात. तेथे तो आपली आर. एन. ए.तील संहिता डी. एन. ए.च्या लिपीत उतरवू लागतो. हे उलटे लेखन करणारे विकर अन्य विषाणूंत टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० साली दाखवून दिले होते.

खरा उंबरठा पुढे आहे. पेशीच्या केंद्रकाभोवती दुहेरी आवरण असते आणि त्यात असंख्य द्वारे असतात. ही द्वारे म्हणजे नुसती भोके नव्हेत. त्यांत प्रथिनांच्या धाग्यांचा जणू पडदा सोडलेला असतो आणि मोठ्या आकाराचा जो ऐवज ओळखीच्या वाहकाबरोबर येईल त्यालाच तो वाट देतो. विषाणूचे कवच या दारातून मावणार नाही, ते बाहेरच गळून पडत असले पाहिजे, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. २०२१ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा पेशीतील दार समजुतीपेक्षा रुंद निघाले आणि अखंड कवच त्यातून आत जाताना आढळले. कवचाचा पृष्ठभागच पेशीच्या वाहकांसारखा वागतो, पडद्याचे धागे त्याला आपल्यातलाच समजतात, हे २०२४ साली अधिक स्पष्ट झाले. आत पेशीचेच एक प्रथिन विषाणूची संहिता कामात असलेल्या जनुकांपाशी नेण्यास साहाय्य करते. विषाणूचे विकर ती संहिता माणसाच्या डी. एन. ए.त जोडते, आणि त्या जोडात उरलेल्या फटी कोण सांधते? पेशीची स्वतःची दुरुस्तीयंत्रणा.

म्हणजे ही दार फोडून केलेली घरफोडी नव्हे. घराच्या रीतिभातींनीच पाहुण्याला माजघरात नेऊन बसवले. यात दोषी कोण? विषाणूला इच्छा नाही, म्हणून त्याला पापही नाही. पेशीने तर आपले नित्याचे काम केले; कोणालाच आत न घेणारे केंद्रक जगूच शकणार नाही. त्या दारात आलेल्या कवचाला कोणी विचारत नाही की तू दूषित सुईतून आलास, आईच्या दुधातून आलास की नवऱ्याकडून आलास. माणसाने आपल्या वागण्याची जबाबदारी घेऊ नये असे मी म्हणत नाही; दुसऱ्याला जाणूनबुजून धोक्यात घालणे हा अपराधच आहे. परंतु रोग हा त्या अपराधाचा निवाडा नव्हे. ज्या निवाड्यात नवजात अर्भक आणि व्यसनी एकाच रांगेत उभे राहतात, त्याला न्याय कसे म्हणावे?

आपल्या शेजारी गोव्यात १९८९ साली हे घडले. डॉमिनिक डिसोझा हे पर्रा गावचे तरुण, नियमित रक्तदाते. रक्तदानातूनच त्यांच्या लागणीचा पत्ता लागला. पोलिसांनी त्यांना नेले आणि तेव्हाच्या कायद्यान्वये म्हापशाला एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. १९९२ मध्ये ते वारले. अशा विलगीकरणाला मनाई करणारा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला. कोंडणाऱ्यांना वाटत होते की आपण विषाणूला कोंडतो आहोत.

पण विषाणू एव्हाना त्या माणसाच्या अक्षरांत अक्षर होऊन बसलेला असतो. काही पेशी ही संहिता घेऊन वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. औषधे रक्तातील विषाणू इतका कमी करतात की शारीरिक संबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही. मात्र औषधे थांबवली की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परततो. टिमोथी ब्राउन २००७ आणि २००८ साली बर्लिनमध्ये झालेल्या उपचारांनी यातून सुटले, पण त्यासाठी त्यांना रक्ताच्या कर्करोगावरील उपचार म्हणून दुसऱ्याच्या मूळ पेशी घ्याव्या लागल्या. परक्याला घालवायचे तर जवळजवळ सारे घर नव्याने बांधावे लागते.

आणि आपण, ज्यांचे अहवाल निर्दोष आहेत, ते तरी शुद्ध आहोत काय? मानवी डी. एन. ए.चा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन काळी असेच आत शिरलेल्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. त्यांतीलच एका जनुकापासून बनणारे प्रथिन गर्भवेष्टनाच्या घडणीत भाग घेते. आपण प्रत्येकजण आईच्या उदरात वाढलो त्यात या जुन्या घुसखोराचाही हात होता. यावरून एच. आय. व्ही.ला कोणी हितकारक ठरवू नये. त्याने चार कोटींहून अधिक माणसे नेली आहेत. पण आपले आणि परके यांतील जी रेघ आपण इतक्या आत्मविश्वासाने ओढतो, ती आपल्या स्वतःच्या पेशीतही सरळ नाही.

माझ्या ओळखीचा एक तरुण १९९६ साली या रोगाने गेला. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा आणून ठेवला. चहाच्या कपातून हा रोग पसरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी ते इतरांना सांगतही असे. तरी कप उचलण्यापूर्वी माझा हात क्षणभर थांबला. माउलीने ते पाहिले, आणि मला ओशाळे वाटू नये म्हणून ती साखर आणण्याच्या निमित्ताने आत गेली.