सही करण्याआधी

देवा, पावणेबारा वाजलेत. समोर ऑब्जटूलचा एक पॅच उघडा आहे. बदल एकाच ओळीचा: कधीच न परतणाऱ्या फंक्शन्सच्या यादीत आणखी एक नाव. म्हणूनच तुझ्याकडे आलोय. तीनशे ओळींचा पॅच माणूस सावध होऊन वाचतो. एका ओळीवरून नजर घसरते.

तुला काय सांगायचं, तरी सांगतो. २०१६ साली लिनक्स ४.६ बरोबर हे टूल आलं. आम्ही सी मध्ये काय लिहिलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कंपायलरने प्रत्यक्षात काय उतरवलं ते ऑब्जेक्ट फाईल उघडून बघतं. इन्स्ट्रक्शन एका बाइटची असो की पंधरा, ती वाचतं. फाटा आला की दोन्ही वाटांनी जाऊन येतं. स्टॅकवर जे ठेवलं ते परत उचललं का, हे तपासतं. चालत्या कर्नलला लाइव्ह पॅच लावतात, तेही स्टॅकचा माग काढायला त्याने करून ठेवलेल्या ऑर्क नावाच्या नोंदींच्या भरवशावर.

पण यादीत नाव चढलं, की त्या कॉलच्या पुढे ते पाऊलच टाकत नाही. कर्नल तिथेच थांबवणाऱ्या 'पॅनिक'साठी ते रास्त आहे. या नव्या फंक्शनमध्ये मात्र एखाद्या कॉन्फिगपुरता एक रिटर्न उरला असेल तर? सी३, एवढा एकच बाइट. प्रोसेसर परतेल आणि पुढे जे काही असेल, अगदी शेजारच्या फंक्शनचं कोडसुद्धा, ते चालवत सुटेल. आणि ओरडणारी वॉर्निंग आम्हीच गप्प केलेली असेल.

माझ्या हातून हे एकदा झालंय, देवा. वॉर्निंग गेली एवढंच पाहिलं आणि 'रिव्ह्यूड-बाय' अशी तपासल्याची सही देऊन मोकळा झालो. पुढे दुसऱ्या कुणीतरी तीन दिवस खपून ती चूक शोधली. मला एका शब्दाने बोलला नाही. ते अजून सलतं.

म्हणून धीर दे, डिसअसेम्ब्ली शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. अडलो तर 'मला हे कळलं नाही' असं सगळ्यांसमोर लिहायचं बळ दे. पाठवणाऱ्याचा हा पहिलाच पॅच आहे. नाही म्हणावं लागलं तर माझ्या शब्दांनी त्याचं मन मोडू देऊ नकोस. त्यानेही कुठेतरी असंच जागून बिल्ड लावली असेल. त्यालाही सांभाळ.

एक फाटा वाचायचा राहिलाय, एरर पाथचा. तेवढा होईपर्यंत माझा डोळा लागू देऊ नकोस.