दोन रकाने



१९३१ नंतर जनगणनेने सर्व जातींचे आकडे दिले नाहीत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या गणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले, आणि आपल्या विहारांत वाद पेटला. एक बाजू म्हणते, आम्ही बौद्ध, आम्हांला जात नाही. जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’च लिहा. दुसरी म्हणते, जात लिहिली नाही तर हक्क बुडतील. तिसरी बाजू सभेत तोंड उघडत नाही. ती गुपचूप धर्माच्या रकान्यातही ‘हिंदू’ लिहून मोकळी होते. मला आज तिच्याशी बोलायचे आहे, कारण मी त्याच घरातली आहे.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असे आहे. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, दर पौर्णिमेला वंदना, आणि दाखल्यावर हिंदू! कॉलेजात असताना मी यावरून वडिलांशी भांडले. तेव्हा त्यांनी सांगितले, की तरुणपणी केंद्राच्या एका नोकरीसाठी त्यांनी अर्जावर ‘बौद्ध’ लिहिले आणि राखीव जागेचा तो अर्ज परत आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरवले होते. १९५६ साली शिखांना त्यात घेतले. बौद्धांना घ्यायला १९९० साल उजाडले. धर्म बदलला म्हणून गावाने शिवाशीव सोडली होती काय? सरकारने मात्र ती सुटली असे धरले. अशा काळात घाबरलेल्या माणसाला मी भ्याड म्हणणार नाही.

पण कायदा बदलला तरी भीती वहीत तशीच राहिली. माझे नाव शाळेत घातले ते १९९० नंतरच. आजही जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसले की एखादा बाप हळूच विचारतो, “बाई, बौद्ध लिवलं तर स्कॉलरशिप जाईल का?” नाही जात, भाऊ. मूळ जातीचा दाखला जोडा आणि धर्म बौद्ध लिहा.

आणि हेही आठवा. १९५१ च्या गणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध अडीच हजारांच्या घरात होते. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार झाले. केंद्राचे दार बंद असताना, अंगठा उठवणाऱ्या आपल्या आज्यांनी गणनेवाल्याला ‘बौद्ध’ सांगितले! आपण शिकलेले. आपल्याला कसले भय?

आता पहिल्या बाजूकडे वळू. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला, की माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने. ते तथागतांकडे आले. तथागत म्हणाले, गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीजातीच्या खुणा जन्मतःच दिसतात. माणसांत तशा दिसत नाहीत. माणसांतला भेद केवळ नावाचा, व्यवहाराचा. येथे जरा थांबले पाहिजे. असे नाव व्यवहारात चालतच नाही, असे तथागत म्हणाले नाहीत. ते देहात नाही असे म्हणाले. जातीचा रकाना आपण कोण आहोत हे विचारत नाही. जगाने आपल्याला कोणत्या नावाने दूर ठेवले, ते विचारतो. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याचा वाटा मागता येत नाही. म्हणून मी तेथे जुने नाव लिहीन. आपण कोण, हे सांगायला वरचा रकाना आहे, आणि त्यात बौद्धाखेरीज दुसरे काही लिहिणे म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञा मोडणे होय.

रागावू नका, पण आणखी एक सांगते. ‘आम्हांला जात नाही’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना मी मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारताना ऐकले आहे. मंगल परिणयाची पत्रिका तथागतांच्या चित्राची, आणि चौकशी अशी! ही जात कोणत्या रकान्यात लिहायची?

वडील आता थकले आहेत. गणनेवाला दाराशी आला की उत्तर कोण देणार, असा विषय परवा जेवताना निघाला. मी म्हटले, मी देईन. ते म्हणाले, “नको. तुझ्या दाखल्यावर मी लिहिलं होतं ना? मग हे पण मीच सांगतो.”