भिंत कशाला फोडलीस?

बस खाली. लॅपटॉप मिटू नकोस, उघडाच ठेव.

दापोड्याच्या गोदामवाल्याची वेबसाइट केलीस. लॉगिनच्या पानावरचा वर्डप्रेसचा डब्ल्यू काढून त्यांचा लोगो बसवलास आणि गावभर मिरवलंस. परवा अपडेट आलं नि डब्ल्यू पुन्हा जागेवर! येणारच. लॉगिनच्या मूळ फाइलीत हात घातलास ना? अपडेट ती फाइल अख्खी बदलतं, तुझं जागरण त्याला दिसत नाही. भाड्याच्या गाळ्यात कॅलेंडर टांगायला कोणी भिंत फोडतं का? खुंट्या आहेत की तिथे! हूक म्हणजे त्या खुंट्याच. वर्डप्रेसने २००४ सालच्या १.२ आवृत्तीपासून ठोकून ठेवल्यात.

मग प्लगइन लिहायला सांगितलं, तर खुंटीच भलती धरलीस. 'डब्ल्यूपी एन्क्यू स्क्रिप्ट्स' लॉगिनच्या पानावर चालतच नाही. तिथे 'लॉगिन एन्क्यू स्क्रिप्ट्स' लागतं. वर तो लोगो म्हणजे लिंकमागची पार्श्वभूमी, मूळ माप ८४ पिक्सेल. ते न बदलता मालकाचा आडवा बोर्ड त्यात कोंबलास. मुंगीएवढी अक्षरं कोण वाचणार, तू? आणि लोगोवर क्लिक केलं तर माणूस अजून वर्डप्रेसच्या साइटवर जातो. 'लॉगिन हेडर यूआरएल' कशाला दिलंय?

पण खरा राग त्या एररच्या चौकटीचा आला. नाव चूक की पासवर्ड चूक, हे चोराला कळू नये म्हणून 'लॉगिन एरर्स'ला फिल्टर लावलास. हेतू चांगला, मान्य. पण रिटर्न कुठाय? हा ॲक्शन नाही रे, फिल्टर आहे! गेटवर चलन घेतलं, शिक्का मारला, की ते ड्रायव्हरच्या हातात परत द्यावं लागतं. वॉचमनने ते खिशात घातलं तर ट्रक हलेल का? ॲक्शनचं तसं नाही, शिट्टी वाजवली की काम संपलं. तुझ्या फंक्शनने चलन खिशात घातलं. चुकीचा पासवर्ड टाकला की लाल कडेची रिकामी चौकट येते, अक्षर नाही. तिथला कारकून अर्धा तास तिच्याकडे बघत बसला, बाहेर गाड्या खोळंबल्या. त्याला काय, पानाने मौनव्रत घेतलं असं वाटावं?

आणि फंक्शनला नाव काय, तर नुसतं 'माय लोगो'. दुसऱ्या प्लगइनने हेच नाव ठेवलेलं निघालं की अख्खी साइट झोपेल. गोदामाचं नाव आधी जोड त्याला.

उद्या शटर उघडायच्या आत हे सगळं नीट करून ठेव. आणि मला दाखवायला येण्याआधी एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघ.