वैराग्य की नुसते बसणे?



मागे एका एकादशीला गावातल्या कीर्तनाला श्रोता म्हणून बसलो होतो. कीर्तन संपल्यावर एक वयस्क माळकरी जवळ आले. म्हणाले, "बुवा, डॉक्टर सांगतात, रोज चाला, हातपाय हलवा, मन प्रसन्न राहील. पण तुम्ही तर जन्मभर सांगत आलात की देह नाशिवंत आहे, त्याचा लळा धरू नका. मग या वयात देहाचे लाड कशाला? एका जागी बसून नाम घेतले तर काय वाईट?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. कारण याच प्रश्नाने मला दोन वर्षे फसवले होते आणि चारचौघांत ते सांगायची लाज वाटली. आज आपल्यापाशी सांगतो.

सत्तरी आली तसे गुडघे दुखू लागले. दोन दोन तास उभे राहून कीर्तन करणे झेपेना, म्हणून कीर्तन थांबवले. मग पायी वारीही थांबली. मी सोप्यात बसू लागलो. हातात माळ होती, पुढ्यात ज्ञानेश्वरी होती. पण जेवणावरची वासना गेली, कुणाशी बोलावेसे वाटेना, नातवंडांचा गलका सोसेना. येणारे-जाणारे म्हणत, "बुवांना विरक्ती आली." ते मला गोड वाटे. मीही मनाशी म्हणू लागलो, आता खरे वैराग्य आले.

पण माउली, सूनबाईंकडून चहाला थोडा उशीर झाला तरी माझा आवाज चढायचा. आषाढी करून आलेली मंडळी प्रसाद घेऊन घरी आली, कपाळाला बुक्का लावला, पाया पडली. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मला त्यांचा हेवा वाटला होता. ज्याला वैराग्य आले, त्याला चहाच्या उशिराचा राग कसा येतो? आणि वारकऱ्याचा हेवा कसा वाटतो?

त्या रात्री गीतेचा बारावा अध्याय आठवला. भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी 'उदासीन' हा शब्द घातला आहे. जन्मभर मी त्यावर निरूपण केले. पण त्याच श्लोकात त्याच्या शेजारी 'दक्ष' आणि 'गतव्यथ' हे शब्दही बसले आहेत. दक्ष म्हणजे तत्पर, कर्तव्याला जागा असलेला. गतव्यथ म्हणजे ज्याची व्यथा गेली आहे तो. मी तर दक्षही नव्हतो आणि माझी व्यथाही गेलेली नव्हती. मग मी उदासीन कसला? मी नुसता उदास होतो. संतांच्या बोलीत 'उदास' म्हणजे आसक्ती सुटलेला आणि आपल्या रोजच्या बोलीत 'उदास' म्हणजे खिन्न. शब्द एकच, पण मी एका अर्थाचे दुखणे दुसऱ्या अर्थाच्या पांघरुणाखाली झाकून बसलो होतो.

खूण साधी आहे. वैराग्याने मन हलके होते, माणूस इतरांना सोपा होतो. खिन्नतेने मन जड होते आणि माणूस घरादाराला अवघड होतो. आपण कोणते, हे आपल्याला कळले नाही तर घरच्यांना विचारावे. ते बरोबर सांगतात.

दिंडीतला माझा एक जुना टाळकरी रोज सकाळी येई आणि फिरायला चला म्हणे. मी माळ दाखवून त्याला परत पाठवी. एक दिवस तो म्हणाला, "बुवा, माळ फिरते, पण तुम्ही फिरत नाही." हात धरून त्याने मला उठवले. मारुतीचे देऊळ घरापासून जवळच, पण पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरच्या पारावर बसलो. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आठवड्याने देवळाची पायरी गाठली. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, आजही दुखतात. पण झोप लागू लागली, भूक लागू लागली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "राम कृष्ण हरि" म्हणे आणि मलाही म्हणावे लागे. दोन-तीन महिन्यांनी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हल्ली तुम्ही रागावत नाही." तेव्हा कळले, बरा झालो तो मी एकटाच नव्हतो.

आता त्या माळकऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. देह नाशिवंत आहे, हे खरेच. पण पखवाजही नाशिवंत आहे. म्हणून पखवाजी त्याला खुंटीला टांगून ठेवत नाही. कीर्तनाआधी डाव्या पुडीला कणीक लावतो, गठ्ठे ठोकून सूर जुळवतो. याला पखवाजाचे लाड म्हणत नाहीत, भजनाची तयारी म्हणतात. पखवाज मिरवायला सजवणे वेगळे आणि वाजता ठेवणे वेगळे. देहाचेही तसेच. आरशासमोर उभे राहण्यासाठी जो देह जपतो, तो आसक्त. विठ्ठलासमोर उभे राहता यावे म्हणून जो जपतो, तो सेवेकरी.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला आहाराबरोबर विहारही युक्त असावा असे सांगितले आहे. विहार म्हणजे मौजमजा नव्हे. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ पावले टाकणे असा केला आहे, आणि ज्ञानेश्वर माउलींनीही तिथे बोलणे मोजके आणि चालणेही मोजके असावे असेच सांगितले. मोजके म्हणजे शून्य नव्हे.

आपल्या संप्रदायाने तर चालणे हेच साधन मानले. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत दिवे घाटाची चढण, रिंगण, उडीचा खेळ, फुगडी. भजनात पावली खेळताना एक पाय उचलायचा, दुसऱ्यावर तोल धरायचा, हातातल्या टाळाचा ठेका चुकू द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीच्या पुढच्यांना सांगितले की आठवड्याला किमान 150 मिनिटे दम लागेल न लागेल असे चालावे, दोन दिवस स्नायूंना बळ येईल असे काही करावे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. 150 मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. हरिपाठ म्हणत चाललात तर हा वेळ कळतही नाही. पण आपली चूक अशी होते की वीस दिवस चालतो आणि उरलेले अकरा महिने बसतो. वारीचे पाय आषाढात मिळत नाहीत, ते वर्षभर घरच्या वाटेवर कमवावे लागतात.

मात्र हट्ट करू नये. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, गुडघा सुजत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. दंडवत घालता येत नसेल तर उभ्याने हात जोडावेत. आणि मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते वैराग्य समजून लपवू नये. घरात सांगावे, औषध घ्यावे. त्यात भक्तीला कमीपणा नाही.

ज्यांना अंथरुणावरून उठवतच नाही, त्यांनी काय करावे? आमच्या दिंडीतल्या एक आजी वारी चुकली म्हणून रडल्या. म्हणाल्या, "पांडुरंगानं मला टाकलं." त्यांना मी अरणच्या सावता महाराजांची आठवण दिली. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे आपण सांगतो. पाय थांबले म्हणून देव थांबत नाही. आजी आता खाटेवर बसून हाताने टाळी देतात आणि जमेल तेवढे पाय हलवतात. त्यांची तेवढी वारी मोठी आहे. वारी पावलांवर मोजतात, असे कुणी सांगितले?

पण ज्याला उठता येते, त्याने बसून राहून त्याला विरक्ती म्हणू नये. मागच्या आषाढीला मी वाखरीपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून पंढरीला चाललो. चारदा बसलो, चारदा उठलो. प्रत्येक वेळी उठवायला कुणाचा तरी हात पुढे आला. उद्या सकाळी आपणही शेजारच्या एखाद्या बसलेल्या म्हाताऱ्याच्या दारी जावे आणि म्हणावे, "चला माउली, देवळापर्यंत जाऊन येऊ."

राम कृष्ण हरि.