मोत्या

सर्दीतापाला पंधरा दिवस उलटले होते. पोरगा पुन्हा सायकल हाणू लागला होता. आंघोळ घालताना आजीला त्याच्या नडग्यांवर तांबडे ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे. डास असेल म्हणून तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. डासाची लाली दाबली की पुसट होते. हे ठिपके तसेच राहिले.

प्लेटलेट्स निघाल्या 12 हजार. असायला हव्यात किमान दीड लाख. बापाच्या तोंडचं पाणी पळालं. परसातली पपई ओरबाडून त्याने पाल्याचा रस काढला आणि तासाभरात फोनवर अकरा रक्तदाते जमवले. (प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे डेंग्यूच आठवतो.)

डेंग्यू नव्हता. डॉक्टरांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बाकीच्या पेशी ठीक होत्या. म्हणाले, "विषाणू गेला, पण शरीराचं लढणं थांबलेलं नाही. आता त्याची प्रतिपिंडं स्वतःच्याच प्लेटलेट्सना चिकटताहेत, आणि अशा चिकटलेल्या प्लेटलेट्स प्लीहा गिळून टाकते. बाहेरून भरल्या, तर त्यांचंही तेच होईल."

"मग नुसतं बघत बसायचं?"

आजी मध्येच म्हणाली, "मोत्या आठवतो का रे? चोर येऊन गेल्यावर महिनाभर घरच्यांवरच धावून जायचा. अण्णांनी त्याला काठी लावली नाही. पाहुण्यांना तेवढं 'सध्या येऊ नका' म्हणून कळवलं."

डॉक्टर हसले. "नाकातोंडातून रक्त येत असतं, तर मोत्याला आवरायला स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असतं. आत्ता फक्त कातडीवर ठिपके आहेत. बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आपसूक बरी होतात. सायकल नको, झाडावर चढणं नको, अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेन नको, कमरेत सुई नको. डोकं फार दुखलं, उलटी झाली, तर रात्री दोनलाही या."

बसून राहणं बापाला जमेना. रात्री टॉर्च लावून तो पोराच्या नडग्या बघायचा, ठिपके मोजायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजी दिवसभर नातवाशी पत्ते कुटायची आणि मुद्दाम हरायची.

दुसऱ्या आठवड्यात आकडा 38 हजार. सहाव्यात 1 लाख 70 हजार.

त्या संध्याकाळी बापाने माळ्यावरची सायकल खाली काढली, चेनला तेल घातलं आणि पायरीवर जाऊन बसला. पोरगा गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला, तरी तो उठला नाही.