प्रांत आणि व्याप्ती

फलनाच्या आलेखावर वरून दिवा धरा. आडव्या अक्षावर सावली पडेल तो प्रांत. बाजूने धरा; उभ्या अक्षावर पडेल ती व्याप्ती. माणसाचंही तसंच. आडवी वर्षं, उभं कर्तृत्व. आपण आशीर्वाद देतो तो मात्र ‘शतायुषी भव’! म्हणजे नुसता प्रांत वाढवायचा. व्याप्तीची चौकशी कुणी करत नाही.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले मुलींना शिकवू लागल्या. प्रांत १८३१ ते १८९७, अवघी सहासष्ट वर्षं. व्याप्तीत अंगावर आलेलं शेणही मोजायचं, कारण खोलीही तिच्यातच धरतात. आणि प्लेगच्या रुग्णसेवेतला शेवटचा बिंदू? तो तर पार वर!

आमचा आलेख म्हणजे आडवी सरळ रेघ. प्रांत पेन्शनीसकट लांबलचक. व्याप्ती एक टिंब!